झेडझेडटी

झेडझेडटी हा एमएस-डॉस या कार्यप्रणालीवर चालणारा आणि इ.स. १९९१ मध्ये प्रकाशित झालेला संगणकीय खेळ आहे. नवे खेळ तयार करण्याचे साधन म्हणूनही तो वापरला जातो. अमेरिकन प्रोग्रामर टिम स्वीनी यांनी तो लिहिला आणि पोटोमॅक कॉम्प्युटर सिस्टिम्स या आपल्या एकखांबी कंपनीमार्फत विकला. हीच कंपनी पुढे एपिक मेगागेम्स आणि त्यानंतर एपिक गेम्स या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. झेडझेडटीमध्ये रूढ अर्थाने चित्रे नाहीत; पडद्यावर दिसणारे सारे काही अक्षरे, अंक आणि ठरावीक चिन्हे यांनीच बनलेले असते. खेळाबरोबर मिळणाऱ्या संपादकाच्या साहाय्याने कोणालाही स्वतःचा खेळ रचता येतो. या एका सोयीमुळे झेडझेडटीभोवती हौशी निर्मात्यांचा एक समुदाय उभा राहिला. एमएस-डॉस व्यवहारातून नाहीसे झाल्यानंतरही तो टिकून आहे.

निर्मिती आणि नाव

स्वीनी हे मेरीलँड राज्यातील पोटोमॅक या गावचे. झेडझेडटी लिहिला तेव्हा ते मेरीलँड विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. त्यांना प्रत्यक्षात खेळ लिहायचा नव्हता. पास्कल या संगणकीय भाषेत काम करताना हाताशी असावा म्हणून ते मजकूर लिहिण्याचा एक साधा संपादक तयार करीत होते. काम चालू असताना पडद्यावर फिरणाऱ्या कर्सरला अडवणारी काही अक्षरे असावीत, काही अक्षरे आपणहून हलावीत, असे प्रयोग त्यांनी केले आणि पाहता पाहता संपादकाचा खेळ झाला. ‘करायला गेलो गणपती नि झाला मारुती’ ही म्हण सहसा बिघडलेल्या कामासाठी वापरतात. येथे मात्र मारुतीच अधिक कामाचा ठरला. या जन्मकथेची खूण झेडझेडटीच्या स्वभावात कायम राहिली. त्यात खेळणे आणि लिहिणे या दोन क्रिया एकमेकींपासून फारशा दूर नाहीत.

‘झेडझेडटी’ हे कोणत्याही शब्दसमूहाचे लघुरूप नाही. त्या काळी शेअरवेअर सॉफ्टवेअरच्या याद्या वर्णानुक्रमे लावलेल्या असत. आपला खेळ यादीच्या अगदी शेवटी, म्हणजे सहज नजरेस पडेल अशा जागी यावा, या हेतूने हे नाव निवडले गेले. ‘झू ऑफ झीरो टॉलरन्स’ असा त्याचा विस्तार कधीकधी दिला जातो, पण तो नंतर गमतीने जोडलेला आहे.

विक्रीची पद्धत शेअरवेअरची होती. ‘टाऊन ऑफ झेडझेडटी’ हे पहिले जग संपादकासह विनामूल्य वाटले जाई. ते आवडल्यास खेळाडूने टपालाने पैसे पाठवायचे आणि ‘केव्हज’, ‘डंजन्स’ व ‘सिटी’ ही उरलेली तीन जगे असलेली डिस्क मागवायची. डिस्का स्वीनींच्या आईवडिलांच्या घरून रवाना होत. दिवसाला तीन-चार प्रती खपत आणि सुमारे शंभर डॉलर मिळत, असे स्वीनींनी नंतर अनेकदा सांगितले आहे. ही रक्कम मोठी नव्हती, परंतु खेळ लिहून पोट भरता येईल हा विश्वास एका विद्यार्थ्याला देण्यास ती पुरेशी होती. पुढील खेळांच्या वेळी कंपनीचे नाव ‘एपिक मेगागेम्स’ असे भारदस्त करण्यात आले. एका माणसाची कंपनी मोठी भासावी, हा त्यामागील हेतूही स्वीनींनी लपवलेला नाही.

पडद्यावरील जग

झेडझेडटीचा पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा आहे. त्यांपैकी डावीकडील ६० स्तंभांत खेळ चालतो आणि उजवीकडील २० स्तंभांत खेळाडूचे आरोग्य, दारूगोळा, मशाली, रत्ने, गुण व किल्ल्या यांचा हिशेब दिसतो. खेळाडूचे रूप म्हणजे गडद निळ्या चौकोनावरील पांढरा हसरा चेहरा. हे चिन्ह आयबीएम संगणकाच्या २५६ चिन्हांच्या मूळ संचातीलच आहे. त्या संचाला ‘कोड पेज ४३७’ म्हणतात आणि झेडझेडटीतील सर्व सृष्टी त्याच संचातून घडवलेली आहे. ग्रीक ओमेगा म्हणजे सिंह, पाय म्हणजे वाघ, दोन टिंबांचा ‘ओ’ म्हणजे अस्वल. चौकट चिन्ह म्हणजे रत्न, स्त्रीलिंगदर्शक चिन्ह म्हणजे किल्ली आणि तीन आडव्या रेघा म्हणजे दुसऱ्या फलकाकडे नेणारी वाट. वाचकाला ही यादी विचित्र वाटेल. परंतु पाच मिनिटे खेळल्यावर ओमेगा दिसताच पळावेसे वाटते. बुद्धिबळाच्या पटावरील लाकडी सोंगटीला उंट म्हणावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

खेळाचे नियम सोपे आहेत. आरोग्य १०० पासून सुरू होते. प्रत्येक रत्न मिळाले की आरोग्य एकाने व गुण दहाने वाढतात. किल्ल्या सात रंगांच्या असून एका वेळी प्रत्येक रंगाची एकच किल्ली जवळ बाळगता येते. अंधाऱ्या फलकांत मशाल पेटवल्याशिवाय आजूबाजूचे दिसत नाही. ढकलता येणारे दगड, सरकत्या पट्ट्यांसारखे फिरणारे वाहक, समोरच्या वस्तूची नक्कल करीत राहणारे यंत्र, ठरावीक काळाने पेटणाऱ्या व विझणाऱ्या भिंती, काही क्षण अभय देणारे चिन्ह असे अनेक घटक आयते दिलेले आहेत. मूळ ‘टाऊन’मध्ये गावभर हिंडून जांभळ्या किल्ल्या गोळा करायच्या आणि राजवाड्यात प्रवेश मिळवायचा असतो. स्वीनींची ही चार जगे आज पाहता बेताचीच वाटतात. ती नमुन्यादाखल महत्त्वाची आहेत. झेडझेडटीची खरी कर्तबगारी इतरांनी रचलेल्या जगांत दिसते.

संपादक

मुख्य पडद्यावर एक कळ दाबली की संपादक उघडतो. ६० बाय २५ घरांच्या कोऱ्या फलकावर कर्सर फिरवून भिंती, पाणी, जंगल, प्राणी व वस्तू मांडता येतात. असे अनेक फलक एकमेकांना जोडले की एक ‘जग’ तयार होते व ते एकाच फाइलमध्ये साठवले जाते. ही फाइल फ्लॉपीवर घालून मित्राला दिली की झाले. त्यासाठी चित्रकार लागत नाही, संगीतकार लागत नाही, प्रोग्रामिंगचे पूर्वज्ञानही लागत नाही. संपादक विनामूल्य जगाबरोबरच मिळत असल्याने खिशात पैसे नसलेल्या शाळकरी मुलांनाही तो उपलब्ध होता. झेडझेडटीच्या दीर्घायुष्याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांत या साध्या गोष्टीला अग्रस्थान द्यावयास हवे.

वस्तूंची भाषा

केवळ भिंती आणि वाघ मांडून खेळ रंगत नाही. त्यासाठी झेडझेडटीत ‘ऑब्जेक्ट’ नावाचा एक घटक आहे. त्याला कोणतेही चिन्ह देता येते आणि त्याच्या पोटात एक छोटा कार्यक्रम लिहिता येतो. या कार्यक्रमाच्या भाषेला ‘झेडझेडटी-ऊप’ म्हणतात. तिचे व्याकरण पानभरात मावेल इतके लहान आहे. ओळीच्या आरंभी हॅश चिन्ह असेल तर ती आज्ञा. अपूर्णविराम असेल तर ते त्या ठिकाणचे नाव, म्हणजे ‘लेबल’. तिरकी रेघ असेल तर ती हालचाल. यांपैकी कोणतेच विशेष चिन्ह नसेल तर ती ओळ जशीच्या तशी खेळाडूला वाचून दाखवायची. म्हणजे या भाषेत काहीही चिन्ह न वापरता केलेले लेखन हेच संभाषण ठरते. बहुतेक संगणकीय भाषांत एखादे वाक्य पडद्यावर उमटवण्यासाठी आज्ञा द्यावी लागते. येथे आज्ञा न देणे पुरेसे आहे. ज्याला गोष्ट सांगायची आहे त्याच्यासाठी ही मोठीच सवलत होय.

घटना घडली की वस्तू त्या घटनेच्या नावाचे लेबल शोधते. खेळाडूने स्पर्श केला तर ‘टच’, गोळी लागली तर ‘शॉट’, चालताना काही आडवे आले तर ‘थड’. वस्तू एकमेकींनाही निरोप पाठवू शकतात. भिंतीवरची कळ ओढली की ती ‘दरवाजा’ नावाच्या वस्तूला ‘उघड’ असा निरोप पाठवते आणि दरवाजाच्या कार्यक्रमात त्या नावाचे लेबल असेल तेथून पुढच्या ओळी पाळल्या जातात. वस्तूंनी निरोपांद्वारे परस्परांशी व्यवहार करावा ही ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगची मध्यवर्ती कल्पना आहे. ती महाविद्यालयात शिकवली जाण्यापूर्वीच अनेक मुलांना झेडझेडटीतून उमगली होती.

लेबलांच्या बाबतीत एक चमत्कारिक सोय आहे. समजा, एका दाराशी रखवालदार उभा आहे आणि त्याच्या कार्यक्रमात ‘टच’ हे लेबल तीन वेळा आले आहे. पहिल्याखाली नम्र स्वागत, दुसऱ्याखाली कंटाळलेले उत्तर, तिसऱ्याखाली खेकसणे. स्पर्श झाला की नेहमी पहिलेच लेबल सापडते. परंतु स्वागतानंतर ‘झॅप’ ही आज्ञा लिहिली, तर पहिल्या लेबलाचा अपूर्णविराम पुसला जाऊन त्या जागी एकेरी अवतरणचिन्ह येते आणि ती ओळ केवळ टीप बनते. पुढच्या वेळी शोध दुसऱ्या लेबलापाशी थांबतो. ‘रिस्टोअर’ या आज्ञेने पुसलेले लेबल पुन्हा जिवंत होते. थोडक्यात, कार्यक्रम चालता चालता स्वतःचाच मजकूर बदलतो आणि तो बदल हीच त्याची स्मृती असते. व्यावसायिक प्रोग्रामर ज्याला अनिष्ट मानतील असा हा मार्ग आहे. पण तो बारा वर्षांच्या मुलाला चटकन समजतो.

संगीतासाठी ‘प्ले’ ही आज्ञा आहे. स्वरांची इंग्रजी अक्षरे, सप्तक वरखाली करण्यासाठी अधिक-उणे चिन्हे आणि कालमानासाठी आणखी काही अक्षरे एकापुढे एक लिहिली की संगणकाच्या आतील लहान स्पीकरमधून एकेरी सूर वाजतात. अंक घातल्यास ढोलकासारखे आवाज निघतात.

मर्यादा आणि त्यांवरच्या युक्त्या

झेडझेडटीच्या मर्यादा कडक आहेत. एका फलकावर खेळाडू वगळता जास्तीत जास्त १५० सजीव घटक राहू शकतात. फलकाचा आकार २०,००० बाइटच्या पुढे गेला तर तो बिघडतो. सर्वांत जाचक मर्यादा स्मरणाची. ‘राजाला भेटलो आहे’, ‘पूल मोडला आहे’ अशा गोष्टी संपूर्ण जगाच्या पातळीवर लक्षात ठेवण्यासाठी ‘फ्लॅग’ नावाच्या खुणा असतात आणि त्या एका वेळी फक्त दहा ठेवता येतात. शिवाय भाषेत अंकगणित नाही. अ अधिक ब किती हे तिला विचारता येत नाही.

या अडचणीतून निघालेल्या वाटा वाचण्यासारख्या आहेत. ‘टेक’ ही आज्ञा खेळाडूकडून रत्ने, गोळ्या किंवा मशाली काढून घेते आणि तेवढ्या नसतील तर सांगितलेल्या लेबलाकडे जाते. दुकानदाराने तीन रत्ने मागावीत आणि नसल्यास हाकलून द्यावे, यासाठी ती केलेली होती. निर्मात्यांनी ओळखले की यातून तुलना करता येते. ज्या खेळात अंधार नाही तेथे मशालींची संख्या ही एक मोकळी वहीच आहे. तिच्यात पैसे, दिवस किंवा गुन्ह्यांची संख्या नोंदवता येते. काहींनी फलकाच्या कोपऱ्यात, खेळाडूला न दिसणाऱ्या जागी दगड आणि वस्तू ठेवून त्यांच्या स्थानालाच स्मृती बनवले. वस्तू डावीकडे असेल तर ‘होय’, उजवीकडे असेल तर ‘नाही’. मण्यांच्या पाटीवर हिशेब करण्यासारखेच हे आहे. अशा रचनांना समुदायात ‘इंजिन’ म्हणतात आणि त्यांच्या जोरावर पाळीपाळीने चालणाऱ्या लढाया, उड्या मारण्याचे खेळ, विमानांचे खेळ असे प्रकार झेडझेडटीत घडवले गेले. मूळ लेखकाने यांतले काहीच योजलेले नव्हते.

रंगांची कथाही अशीच. संपादकात बहुतेक घटकांना सातच रंग देता येत. वास्तविक संगणकाचा पडदा सोळा रंग आणि आठ पार्श्वरंग दाखवू शकत होता. जगाच्या फाइलमध्ये बाहेरून फेरफार केल्यास हे उरलेले रंग मिळतात, असे काही उत्साही लोकांच्या लक्षात आले. त्यांनी असे रंग भरलेले तयार फलक वाटण्यास सुरुवात केली. ते आपल्या जगात आणायचे, हव्या त्या रंगाची भिंत संपादकाच्या ‘उचल’ सोयीने उचलायची आणि रंगकामाला लागायचे. ‘सुपर टूल किट’, संक्षेपाने ‘एसटीके’, या संचामुळे झेडझेडटीच्या खेळांचे रूप पालटले. भरीव, विरळ आणि अतिविरळ ठिपक्यांची चिन्हे दोन रंगांत मिसळून छायाप्रकाश दाखवण्याची कला त्यानंतर बहरली. पुढे ‘केव्हएडिट’ हा मुक्तस्रोत बाह्य संपादक आला आणि हे काम आणखी सुकर झाले.

हौशी निर्मात्यांचा समुदाय

समुदायाची पहिली बीजे खुद्द स्वीनींनीच पेरली. खेळाडूंनी आपली जगे पाठवावीत म्हणून त्यांनी स्पर्धा जाहीर केली आणि निवडक जगे ‘बेस्ट ऑफ झेडझेडटी’ व ‘झेडझेडटीज रिव्हेंज’ या संग्रहांत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. स्पर्धेत चमकलेल्या ॲलन पिल्ग्रिम यांनी पुढे एपिकसाठी ‘किलोब्लास्टर’ आणि ‘झारगॉन’ हे खेळ लिहिले. हौशी कामगिरी पाहून माणसे निवडण्याची ही रीत नंतरच्या काळात खेळांच्या उद्योगात सर्रास रुजली; त्या वेळी ती नवी होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिका ऑनलाइन, प्रॉडिजी यांसारख्या दूरध्वनीवरून चालणाऱ्या सेवांवर झेडझेडटीच्या जगांची देवघेव सुरू झाली. निर्मात्यांत किशोरवयीन मुलामुलींचा भरणा मोठा होता. प्रत्येकाची आपली एक ‘कंपनी’ असे. तिला भारी नाव, बोधचिन्ह आणि आगामी खेळांची लांबलचक यादी असे. कर्मचारी बहुधा एकच. या कंपन्यांत युती होत, फुटी पडत, भांडणे रंगत. झेडझेडटीच्याच फलकांवर लिहिलेली नियतकालिकेही निघत. वाचकाने हसरा चेहरा चालवत एका लेखाकडून दुसऱ्याकडे जायचे आणि परीक्षणे वाचायची. एका दिवसात ठरलेल्या विषयावर खेळ रचण्याच्या ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ झेडझेडटी’ या स्पर्धा विशेष गाजल्या.

ॲलेक्सिस जॅन्सन यांचे ‘कोड रेड’ (१९९३) हे या काळातील गाजलेल्या जगांपैकी एक मानले जाते. त्याचा विस्तार आणि गुंतागुंत पाहून अनेकांना प्रथमच कळले की या साधनात एवढे मोठे काही करता येते. तथापि, समुदायाचे सारे काम याच तोडीचे होते असे समजणे चुकीचे ठरेल. बहुसंख्य जगे कच्ची, अर्धवट किंवा थिल्लर आहेत. शुद्धलेखनाच्या चुकांना सुमार नाही. शाळेतील शिक्षकांची टिंगल, लोकप्रिय खेळांची नक्कल, मित्राचा सूड असे विषय वारंवार येतात. परंतु त्यांतच घरातील ताण, एकटेपणा, आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत ही जाणीव यांबद्दल काहीतरी सांगू पाहणारी जगेही आहेत. अशा गोष्टी सांगायला त्या वयात दुसरी जागा नसते. खेळ-रचनाकार आणि लेखिका ॲना अँथ्रॉपी यांनी ‘झेडझेडटी’ (बॉस फाइट बुक्स, २०१४) या पुस्तकात आपल्या बालपणाच्या अनुभवासह समुदायाची ही बाजू मांडली आहे. व्यावसायिक खेळांच्या इतिहासात ज्यांची नोंद होत नाही अशा निर्मात्यांचा तो एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

सुपर झेडझेडटी आणि मेगाझ्यूक्स

१९९१ मध्येच स्वीनींनी ‘सुपर झेडझेडटी’ प्रसिद्ध केले. त्यात फलक पडद्यापेक्षा मोठे असून खेळाडूबरोबर सरकतात. पण अक्षरे दुप्पट रुंद झाल्याने एका वेळी दिसणारा भाग कमी झाला आणि संपादकही मुख्य यादीतून वगळलेला होता. आज्ञेच्या ओळीवर विशेष खूण दिल्याशिवाय तो उघडत नसे. मूळ झेडझेडटीइतका समुदाय त्याला लाभला नाही, यात नवल नाही.

जॅन्सन यांनी १९९४ मध्ये ‘मेगाझ्यूक्स’ हे स्वतंत्र साधन प्रसिद्ध केले. झेडझेडटीची कल्पना तीच ठेवून त्यात अक्षरांचे आकार बदलण्याची सोय, संख्या साठवणारे गणक, अनेक स्वरांचे संगीत आणि ‘रोबोटिक’ नावाची अधिक समर्थ भाषा दिली. त्यालाही स्वतःचा चाहतावर्ग मिळाला आणि त्याचा विकास स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवला. मेगाझ्यूक्समुळे झेडझेडटी मागे पडेल ही अपेक्षा मात्र खरी ठरली नाही.

हरवलेला सोर्स कोड आणि जतनाचे कार्य

एपिकने १९९७ मध्ये झेडझेडटी विनामूल्य उपलब्ध करून दिले. मिळाला तो केवळ चालणारा कार्यक्रम. पास्कलमध्ये लिहिलेला मूळ सोर्स कोड स्वीनींच्या संगणकात झालेल्या बिघाडात नष्ट झाला होता. ‘अनरिअल’ हे इंजिन आणि ‘फोर्टनाइट’ हा खेळ यांमुळे अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीच्या पहिल्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत अशी हरवलेली होती.

याचे परिणाम केवळ भावनिक नव्हते. नव्या संगणकांवर एमएस-डॉसचे कार्यक्रम थेट चालत नाहीत. कोड असता तर झेडझेडटी नव्या यंत्रांसाठी पुन्हा बांधता आला असता. तो नसल्याने अनेकांनी बाहेरून निरीक्षण करून नक्कल लिहिण्याचे प्रयत्न केले. पण हौशी जगे मूळ कार्यक्रमाच्या बारीकसारीक दोषांवरसुद्धा विसंबून असतात. कोणती वस्तू आधी हलते, दोन निरोप एकाच क्षणी आले तर काय होते, फलकाच्या कडेला काय घडते यांत किंचित फरक पडला तरी एखादे कोडे सुटेनासे होते किंवा इंजिन बंद पडते. दुरुस्त केलेले झेडझेडटी हे जतनाच्या दृष्टीने बिघडलेले झेडझेडटी असते.

२०२० मध्ये हा प्रश्न सुटला. एका स्वयंसेवी प्रोग्रामरने चालणाऱ्या कार्यक्रमातील यंत्रभाषेचा उलटा अभ्यास करून ३.२ या आवृत्तीचा पास्कल कोड नव्याने लिहून काढला. तो जुन्या टर्बो पास्कलमध्ये घातला असता निघणारा कार्यक्रम मूळ कार्यक्रमाशी बाइटन् बाइट जुळतो. पाठभेदांच्या अभ्यासात हरवलेल्या मूळ प्रतीची पुनर्रचना करतात, तेव्हा ती बरोबर आहे की नाही हे सहसा सिद्ध करता येत नाही. येथे ते करता आले. लेखकाने आपल्या चलांना दिलेली नावे आणि त्याच्या टिपा मात्र परत मिळणे शक्य नव्हते. ती नावे पुनर्रचनाकाराने दिलेली आहेत. स्वीनी यांच्या संमतीने हा कोड एमआयटी परवान्याखाली खुला करण्यात आला. त्यावरून नव्या यंत्रांसाठीच्या आणि मर्यादा वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या आहेत. तरीही अनेक नवी जगे मूळ ३.२ मध्येच चालतील अशा बेताने बांधली जातात. दहा खुणांच्या आत गोष्ट बसवणे हा त्या निर्मात्यांना वृत्तात कविता लिहिण्यासारखा आनंद वाटतो.

कार्यक्रमाइतकीच हौशी जगेही धोक्यात होती. ती फ्लॉपीवर, बंद पडलेल्या दूरध्वनी सेवांवर आणि मुलांनी चालवलेल्या अल्पजीवी संकेतस्थळांवर विखुरलेली होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘म्युझियम ऑफ झेडझेडटी’ या स्वयंसेवी उपक्रमाने अशी हजारो जगे एकत्र करून त्यांची सूची केली आहे. ‘झेटा’ या लहानशा अनुकरण-प्रणालीमुळे ती काहीही न बसवता थेट खेळता येतात. एखादा फलक आणि त्यातील वस्तूंचे कार्यक्रम खेळ न उघडताच वाचण्याची सोयही तेथे आहे. त्यामुळे एखाद्याने १९९६ मध्ये रखवालदार कसा लिहिला होता हे आजचा विद्यार्थी ओळीओळीने पाहू शकतो.

या संग्रहातून एक नाजूक प्रश्न उद्भवतो. जगांचे लेखक तेरा-चौदा वर्षांचे होते. त्यांनी आपले खरे नाव, शाळा, मित्रांवरचा राग हे सारे त्या फाइलींत लिहून ठेवले आहे. ते कायम टिकेल असे त्यांना वाटले नव्हते. बहुतेक जगांसोबत कोणताही परवाना नाही आणि लेखकांचा पत्ता लागत नाही. सर्व जसेच्या तसे ठेवावे तर एखाद्या प्रौढ व्यक्तीला तिचे कोवळे वय आडवे येऊ शकते. निवड करून ठेवावे तर इतिहास सोयीपुरता उरतो. हाच पेच शालेय हस्तलिखिते किंवा खासगी पत्रे जपणाऱ्या ग्रंथालयांपुढेही असतो. मात्र तेथील कागद कपाटात असतो, येथे तो जगभरात कोणालाही एका क्षणात उघडता येतो.

लिपीची मर्यादा

कोड पेज ४३७ मध्ये इंग्रजी, पश्चिम युरोपीय भाषांची काही अक्षरे, थोडी ग्रीक अक्षरे आणि रेखाचिन्हे आहेत, देवनागरी नाही. त्यामुळे मूळ झेडझेडटीत मराठी संवाद लिहायचा तर तो रोमन लिपीतच लिहावा लागतो. वास्तविक त्याच सुमारास पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवून एमएस-डॉसच्या मजकूर-पडद्यावर भारतीय लिप्या दाखवता येत होत्या आणि भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा सांकेतिक संच १९९१ मध्येच भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. परंतु जोडाक्षरे आणि मात्रा असलेली लिपी ‘एका घरात एक चिन्ह’ या झेडझेडटीच्या मूळ गृहीतात सहज बसत नाही. ‘कि’ या अक्षरात वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते. फलकावर मात्र प्रत्येक चिन्हाला आपले स्वतंत्र घर हवे असते. खुल्या झालेल्या कोडवरून देवनागरी आवृत्ती करावयाची झाल्यास पहिली दुरुस्ती याच गृहीतात करावी लागेल.